दिवा लागतो, आवाज येत नाही: बूस्ट पेडलच्या किटचं तेच ते दुखणं

तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येते. बूस्ट पेडलचं, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या पायाखालच्या डब्याचं किट जोडून झालं, बायपासमध्ये (बूस्ट बंद, सिग्नल थेट पुढे) गिटार नीट वाजते, फूटस्विच दाबला की लाल दिवा लागतो, आणि आवाज एकतर पूर्ण जातो किंवा इतका बारीक होतो की याला बूस्ट तरी कसं म्हणायचं. पुढचं वाक्यही ठरलेलं: "ट्रान्झिस्टर उडाला वाटतं, दुसरा पाठवाल का?"

ट्रान्झिस्टर उडालेला नसतो. नऊ व्होल्टवर चालणाऱ्या आणि अर्धा मिलिअँपिअरसुद्धा न ओढणाऱ्या सर्किटात बीसी ५४७ हा किटमधला ट्रान्झिस्टर जाळायचा तर मुद्दाम खटपट करावी लागेल. त्याची क्षमता १०० मिलिअँपिअरची आहे. तरीही सगळ्यात आधी तोच उपटला जातो. उपटताना पीसीबीवरचा, म्हणजे छापील बोर्डावरचा, तांब्याचा गोल निघून येतो, आणि मग खरोखरच दुरुस्त करायला कठीण असा दोष तयार होतो. साप सोडून भुई धोपटायची ही सवय मोडावी म्हणून हे लिहितो आहे.

चतुर्थीच्या आधी आणि जत्रांच्या हंगामात अशा फोनांची संख्या वाढते. फोंड्याकडे नाटकाला साथ करणारा मुलगा असो की मडगावात चर्चच्या कॉयरमध्ये गिटार धरणारी मुलगी, किट पहिलंच असतं, मल्टिमीटर उसना असतो, आणि कार्यक्रम परवावर आलेला असतो. त्यामुळे खालचा क्रम घाईतल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लावला आहे: आधी मोजायचं, मग ऐकायचं, आणि सोल्डरिंग आयर्न अगदी शेवटी तापवायचं.

दिवा काय सांगतो

फार थोडं सांगतो. फूटस्विचमध्ये तीन स्वतंत्र संच असतात. दोन संच गिटारचा सिग्नल फिरवतात, तिसरा फक्त दिव्यासाठी असतो. दिवा लागला याचा अर्थ वीज डब्यात पोचली, तिचे प्लस-मायनस सरळ आहेत आणि स्विचचा तिसरा संच चालतो. बूस्टच्या सर्किटाबद्दल दिव्याला काही ठाऊक नसतं. बायपासमध्ये आवाज येतो यावरून दोन्ही जॅक ठीक आहेत आणि स्विचची निम्मी जोडणी बरोबर आहे एवढं कळतं. म्हणजे शोधायची जागा बरीच आकसली: बोर्ड, व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा फिरता रेझिस्टर), स्विचची उरलेली निम्मी जोडणी, आणि बोर्डाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या दोन तारा.

दिवाच लागत नसेल तर गोष्ट वेगळी, आणि बहुधा सोपी. गिटार पेडलांच्या अडॅप्टरमध्ये मधला पिन मायनस असतो. घरात रिकामे पडलेले अडॅप्टर सहसा इंटरनेटच्या राउटरचे असतात, १२ व्होल्टचे आणि मधला पिन प्लस असलेले. पिन मात्र दोन्हीकडे तसाच, म्हणून तो सुखाने आत जातो. किटमध्ये उलट विजेपासून वाचवणारा डायोड असेल तर दिवा नुसता विझलेला राहतो. डायोड नसेल तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगतो, त्याचा वास येतो. बॅटरीवर चालवत असाल तर इनपुटचा जॅक बघा. तो स्टिरिओ असतो तो दोन गिटारी जोडण्यासाठी नव्हे. बॅटरीचा मायनस त्याच्या रिंगवर, म्हणजे मधल्या संपर्कावर, बांधलेला असतो, आणि गिटारचा मोनो प्लग आत गेला की रिंग आणि ग्राउंड जोडले जातात. रिंग आणि टिप (टोकाचा, सिग्नलचा संपर्क) यांच्या तारा अदलाबदल झाल्या तर बॅटरी नवी असूनही पेडल मेलेलं. आणि प्लग तसाच आत ठेवून झोपलात तर सकाळी बॅटरी रिकामी. एवढ्या लहान सर्किटात सगळ्यात जास्त वीज खातो तो दिवाच: ४.७ के (किलोओहम) चा रेझिस्टर असेल तर साधारण दीड मिलिअँपिअर, ट्रान्झिस्टरच्या तिप्पट-चौपट.

तीन आकडे

बाजारातली बहुतेक नवशिक्यांची बूस्ट किटं एकाच घराण्यातली आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने एलपीबी-१ नावाचा एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर काढला. कंपनी माइक मॅथ्यूज यांची, सर्किट बॉब मायर यांचं. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर. त्यात बेसला दोन रेझिस्टर, कलेक्टरला एक, एमिटरला एक, आत येताना आणि बाहेर जाताना एकेक कपॅसिटर आणि शेवटी व्हॉल्यूम. बस. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या किमती घातल्या की हे असं होतं: ९ व्होल्टपासून बेसला ४७० के, बेसपासून ग्राउंडला ४७ के, कलेक्टरला १० के, एमिटरला ३९० ओहम, दोन्ही कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे अंगावर १०४ लिहिलेले, पॉट १०० के, ट्रान्झिस्टर बीसी ५४७बी.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सुई ग्राउंडला, म्हणजे जॅकच्या बाहेरच्या कड्याला. गिटार नको, पण इनपुटमध्ये मोनो प्लग हवा. लाल सुई एकेका पायावर टेकवा आणि कागदावर लिहून घ्या. ताजी बॅटरी असेल तर कलेक्टरवर साडेचार ते साडेपाच, बेसवर पाऊण व्होल्टच्या जवळ, एमिटरवर ०.१६ च्या आसपास. पिवळ्या रंगाचे स्वस्त मीटर बेसला किंचित कमी दाखवतात, कारण त्यांचा स्वतःचा रोध एकच मेगओहम असतो आणि ते मोजता मोजता थोडा प्रवाह स्वतःकडे ओढतात. त्याची काळजी करू नका. मे महिन्यात पत्र्याखाली मोजलंत आणि नंतर एसीच्या खोलीत मोजलंत तर कलेक्टरमध्ये चार-पाच दशांशांचा फरक पडेल, तेही ठीक. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो, आणि हे सर्किट तेवढ्यानेही हलतं.

आता चुकलेले आकडे.

कलेक्टर अर्ध्या व्होल्टच्या आसपास: ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडला आहे. बहुतेक वेळा ४७० के आणि ४७ के यांची अदलाबदल. एक टक्क्याच्या निळ्या रेझिस्टरवर पहिला पिवळा-जांभळा-काळा-नारिंगी, दुसरा पिवळा-जांभळा-काळा-लाल. फरक फक्त एका पट्टीचा, आणि तोसुद्धा नारिंगी आणि लाल यांच्यातला, निळ्या अंगावर, संध्याकाळच्या पिवळ्या बल्बखाली. त्यात दिव्याचा ४.७ के हा पिवळा-जांभळा-काळा-तपकिरी. तीन भावंडं एकाच पाकिटात घालून नवशिक्याला ओळखायला सांगणं हा किट आखणाऱ्याचा दोष आहे, जोडणाऱ्याचा नाही. यावर शेवटी येतो. अदलाबदल नसेल तर ४७ के चा एक पाय सुटलेला असतो. आकडा जवळजवळ तोच येतो.

कलेक्टर पूर्ण ९ आणि बेस शून्य: ४७० के मधून वीज बेसपर्यंत येत नाही. ड्राय सोल्डर, म्हणजे वरून जुळलेला दिसणारा पण वीज न नेणारा सांधा, शोधा.

कलेक्टर ९ ला टेकलेला, बेस ०.८, आणि एमिटर नेहमीपेक्षा जास्त, पाव व्होल्टच्या पुढे: एमिटरच्या जागी ३९० ओहमऐवजी ३९ के बसला आहे, किंवा तिथला सांधा सुटलेला आहे. ३९ के बसला तर आवाज येतो पण बायपासपेक्षा बारीक. "बूस्ट उलटा काम करतो" अशी तक्रार आली की मी आधी हाच रेझिस्टर बघतो.

कलेक्टर शून्य: १० के सुटलेला, किंवा बोर्डाला वीजच नाही. इथे एक गंमत. १० के ची पट्टी तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी. तीच उलटीकडून वाचली की तपकिरी-लाल-काळा-काळा-तपकिरी, म्हणजे १२० ओहम. दोन्ही टोकांना तपकिरी असल्याने सुरुवात कुठली ते डोळ्यांना कळत नाही. यादीत १२० ओहम नाही म्हणून "किटमध्ये चुकीचा रेझिस्टर आला" असा निरोप येतो. रंग वाचू नका, मीटरने मोजा. आणि मोजायचं ते बोर्डावर बसवण्याआधी, कारण बसवल्यावर शेजारच्या रेझिस्टरांमधूनही वाट असते आणि आकडा कमीच येतो.

बॅटरी ७ व्होल्टवर आली असेल तर सगळं बरोबर असूनही सूर फाटतात, आणि तार छेडल्यावर शेवटचा भाग कापल्यासारखा थांबतो. बेसचा व्होल्टेज बॅटरीच्या प्रमाणात उतरतो, पण ट्रान्झिस्टरला लागणारे ०.६ व्होल्ट काही उतरत नाहीत. उरलेल्यात तो जेमतेम जागा राहतो. काही जणांना हा फाटका आवाज आवडतो. आवडला तर ठेवा.

ट्रान्झिस्टर जाळलेला नाही, उलटा आहे

घोडं सगळ्यात जास्त वेळा इथे पेंड खातं. परदेशी आराखड्यांमध्ये २एन ५०८८ किंवा २एन ३९०४ असतो. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले, तर त्यांचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. आपल्या दुकानात मिळतो बीसी ५४७, आणि त्याचे पाय त्याच स्थितीत कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे नेमके उलटे. पीसीबीवर छापलेला अर्धगोल २एन ५०८८ साठी, पाकिटात बीसी ५४७. जोडणारा चित्राप्रमाणे अगदी चोख बसवतो आणि फसतो.

याची खूण अशी की ट्रान्झिस्टर पूर्ण गप्प होत नाही. उलट्या दिशेनेही तो थोडंफार वर्धन करतो, पण अगदी मरतुकडं. कलेक्टरच्या जागी आठाच्या आसपास किंवा वर आकडा, बेसवर ०.६, एमिटरच्या जागी जवळजवळ शून्य, आणि ॲम्पमधून दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा आवाज. हे तिन्ही जुळलं तर ट्रान्झिस्टर काढून अर्धी गिरकी देऊन बसवा. सपाट बाजू छापील चित्राच्या विरुद्ध जाईल, जाऊ दे.

हातातला ट्रान्झिस्टर कोणता आणि पाय कुठले याची खात्री नसेल तर मीटर डायोडवर ठेवा. लाल सुई मधल्या पायावर, काळी आळीपाळीने दोन्ही कडांवर. दोन्हीकडे ०.६ ते ०.७ च्या घरातला आकडा आला तर तो एनपीएन, म्हणजे आपल्याला हवा त्या प्रकारचा, आहे आणि मधला पाय बेस आहे. या दोन आकड्यांत जो किंचित मोठा, तिकडे एमिटर. फरक काही मिलिव्होल्टचाच असतो, पण असतो. मधला पाय बेस निघालाच नाही तर हातात वेगळी जात आली आहे; जपानी सी १८१५ मध्ये बेस कडेला असतो, आणि जुन्या रेडिओंतून काढलेल्या मालात तो खूप सापडतो.

जेएफईटी किंवा मॉसफेट या दुसऱ्या जातींचे ट्रान्झिस्टर का नाहीत, असं विचारणारे असतात. जे २०१ हा जेएफईटी ऐकायला छान आहे, पण भोकांत बसणाऱ्या पायांचा जे २०१ मिळवणं अवघड, मिळाला तर खरा की नकली याची चिंता, आणि खऱ्यातही एकाचा स्वभाव दुसऱ्याशी जुळत नाही. मग प्रत्येक किटला ट्रिमर, म्हणजे जुळवणीचा छोटा फिरता रेझिस्टर, द्यावा लागतो आणि नवशिक्याला तो फिरवायला शिकवावा लागतो. मॉसफेटला स्थिर विजेची भीती, जी जुलैतल्या गोव्यात जवळपास नसतेच म्हणा. पहिल्या किटसाठी मला तरी बीसी ५४७ च बरा वाटतो: दोन-चार रुपयांचा, कुठेही मिळणारा, आणि चुकला तरी सहन करणारा.

आकडे बरोबर, तरी गप्प

आता कानाचं काम. एक जुनी गिटार केबल घ्या, एका टोकाचा प्लग कापा. आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा, बाहेरच्या जाळीला एक क्रोकोडाइल क्लिप. क्लिप पेडलच्या ग्राउंडला, प्लग ॲम्पला, आणि कपॅसिटरचा मोकळा पाय ही तुमची सुई. कपॅसिटरमुळे डीसी, म्हणजे बॅटरीचा स्थिर व्होल्टेज, अडतो आणि फक्त आवाज पुढे जातो. हे फक्त नऊ व्होल्टच्या पेडलसाठी. ॲम्पच्या आत, आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पच्या आत तर कधीच, ही सुई घालायची नाही.

इनपुटला सतत वाजणारं काहीतरी हवं. एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने सुई धरणं जमत नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावा, आवाज कमी ठेवा आणि केबलने पेडलला द्या. तानपुऱ्याला सुरुवात-शेवट नसल्यामुळे कुठे तुटलं ते लगेच कळतं. पेडलकडचा प्लग मात्र मोनोच हवा, नाहीतर वर सांगितलेली रिंग जोडली जाणार नाही आणि बॅटरी बंदच राहील.

पेडल चालू ठेवून सुई इनपुट जॅकच्या टिपवर टेकवा. तानपुरा ऐकू येईल. मग स्विचच्या इनपुटच्या पायावर, मग बोर्डाच्या इनपुटवर, पहिल्या कपॅसिटरच्या अलीकडे, पलीकडे, बेसवर. बेसपर्यंत आवाज साधारण सारखाच. कलेक्टरवर टेकवलं की तो एकदम उसळायला हवा, वीसेक पटीने, म्हणून आधी ॲम्प कमी करून ठेवा. तिथून दुसरा कपॅसिटर, पॉटचा कडेचा पाय, मधला पाय, स्विच, आउटपुट. जिथे आवाज होता आणि पुढच्या टेकवण्यात नाही, दोष त्या दोहोंच्या मध्ये. यात अंदाज लागत नाही, म्हणूनच मला ही रीत आवडते; सहावी-सातवीतल्या मुलांनाही ती जमते आणि त्यांना ती बरीच आवडतेही.

बहुतेक वेळा शोध स्विचवर थांबतो. नऊ पायांचा हा स्विच चौकोनी असतो आणि ९० अंशांत फिरवला तरी भोकात तसाच बसतो. तारांचं चित्र मात्र एकाच दिशेसाठी खरं. पायांची चपटी पाती कुठल्या दिशेला आहेत ते चित्राशी ताडून बघा. दिशा बरोबर असेल तर मीटर बीपवर ठेवून तपासा: प्रत्येक संचात मधला पाय एकदा एका शेजाऱ्याला जोडला जातो, दाबल्यावर दुसऱ्याला. एखादा संच दोन्हीकडे गप्प असेल तर आतलं प्लास्टिक वितळून पट्टी वाकली आहे. पायावर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त धरली की हे होतं. २५ वॅटची आयर्न, टोक स्वच्छ, पायाला आधी कथिल लावून घेतलेलं, आणि एका पायानंतर शेजारचा न घेता लांबचा घ्यायचा, म्हणजे स्विचला थंड व्हायला सवड मिळते.

पॉटवर शोध थांबला तर तो बहुधा फक्त उलटा जोडलेला असतो, किंवा मधल्या पायाची आणि ग्राउंडची अदलाबदल झालेली असते. मागून बघताना डावं-उजवं बदलतं, दुसरं काही नाही.

झाकण लावलं की बंद

ही तक्रार इतकी ठरावीक आहे की तिला वेगळं घर द्यायला हवं. टेबलावर उघडं असताना पेडल उत्तम वाजतं, चार स्क्रू आवळले की गप्प. नेहमीचा अॅल्युमिनियमचा डबा ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटरचा असतो आणि आतली जागा दिसते त्याहून कमी असते. प्लग आत गेला की उघड्या जॅकची टिपची पट्टी बाहेर ढकलली जाते आणि डब्याच्या भिंतीला, शेजारच्या जॅकला किंवा पॉटच्या पाठीला टेकते. सिग्नल थेट ग्राउंडला. तपासताना प्लग आत ठेवूनच आत डोकावा, प्लग काढला की पुरावा नाहीसा होतो. जॅक थोडा फिरवून आवळा, बोर्डाच्या खाली जाड टेप किंवा पुठ्ठा लावा, बॅटरीभोवती स्पंजचा तुकडा.

याच्या उलटही घडतं: झाकण लावल्यावर गुणगुण वाढते आणि डब्याला बोट लावलं की ती बदलते. डबा ग्राउंडला जोडलेला नाही. पावडर कोटिंगचा रंग वीज वाहून नेत नाही आणि प्लास्टिकच्या अंगाचे जॅक डब्याला स्पर्शच करत नाहीत. एका जॅकच्या भोकाभोवती आतून रंग खरवडा, वॉशर लावून आवळा.

पाऊस, खारा वारा, अर्थिंग

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना जॅक आणि प्लग काळे पडलेले दिसतात. हलवलं की खर्र, पुन्हा ठीक. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. उघड्या पाकिटातले सुटे भाग एक पावसाळा पडून राहिले असतील तर त्यांच्या पायांवरही थर चढतो आणि सोल्डर धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. पाय ब्लेडने हलके खरवडून घ्या, धरेल.

सोल्डरिंगच्या पेस्टबद्दल मात्र कडक बोलतो. डबीतली आंबट पेस्ट भांडी आणि पत्रे जोडायला असते. पीसीबीवर ती लावली की सोल्डर सुंदर पसरतं आणि नवशिका खूश होतो. पण मागे उरलेली पेस्ट हवेतला ओलावा ओढते, तांबं खाते आणि दोन पट्ट्यांमध्ये वीज झिरपू देते. जिथे ४७० के सारखा मोठा रोध बसला आहे तिथे अशी झिरपही पुरते: कोरड्या दिवशी पेडल चांगलं, जूनच्या पहिल्या पावसानंतर कलेक्टरचा आकडा हलतो आणि मागे तळल्यासारखा आवाज सुरू होतो. रोझिन आत असलेली ६०/४० किंवा ६३/३७ ची सोल्डरची तार वापरा, पेस्ट लागतच नाही. आधीच लावली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश, दोनदा. तारेत शिसं आहे, काम झाल्यावर हात धुवा.

गुणगुणीचा दोष पेडलवर ढकलण्याआधी अडॅप्टर काढून बॅटरीवर वाजवून बघा. गुणगुण गेली तर अडॅप्टर वाईट. बॅटरीवरही राहिली तर दोष गिटार, केबल किंवा घराच्या वायरिंगकडे सरकतो. इथल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो; जुन्या घरांत तर तिसरी तार कधीकधी नसतेच. चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर चालू असेल तर वेगळीच भणभण. बूस्ट यात काही निर्माण करत नाही, आधी होतं ते वीस पट मोठं करून दाखवतो. आणि कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी गुणगुण घालवायला ॲम्पच्या प्लगचा अर्थिंगचा पिन कापायचा नाही. जत्रेच्या स्टेजवर जनरेटर, ओली माती आणि ओठांशी माइक असताना तोच पिन जीव वाचवतो.

किट आखणाऱ्यांसाठी

गावोगावी कार्यशाळा घेणारे आणि स्वतःचे बोर्ड छापून घेणारे आता गोव्यातही आहेत. त्यांच्याशी थोडं. तीच चूक दहा वेगवेगळी माणसं करत असतील तर ती बोर्डात आहे.

पहिली गोष्ट, रेझिस्टरच्या किमती बदला. ४७० के आणि ४७ के ही जोडी एलपीबी-१ च्या ४३० के आणि ४३ के वरून आली आहे. दहाच्या पटीतली जोडी दिसायला सारखीच असणार. त्याऐवजी ४७० के, ५६ के आणि एमिटरला ३९० ऐवजी ६८० ओहम घ्या. ५६ के हिरवा-निळा-काळा-लाल, ६८० ओहम निळा-राखाडी-काळा-काळा. पाकिटात कोणीच कोणाचा जुळा राहत नाही. दिव्याला ४.७ के ऐवजी ३.३ के द्या, तोही वेगळा पडतो. गणित केलं तर कलेक्टर पाचच्या किंचित खाली येतो, एमिटर ०.२८ च्या आसपास, आणि वर्धन वीस पटीवरून बारा पटीवर, म्हणजे २६ डेसिबलऐवजी २२ च्या जवळ. हे कमी झालेलं मला तोटा वाटत नाही. घरच्या सराव ॲम्पवर २६ डेसिबलमध्ये अर्धा भाग सुसकाऱ्याचाच असतो. शिवाय बॅटरी ७ व्होल्टवर आली तरी कलेक्टर पाचच्या आसपास टिकतो. जुन्या किमतींत तो तेव्हा साडेपाच-सहावर जाऊन बसतो आणि वरच्या बाजूला जागाच उरत नाही.

इनपुटचा रोध दोन्हींतही कमीच, तीस-चाळीस के च्या घरात. म्हणून गिटारमधून थेट या पेडलमध्ये आल्यावर वरची धार थोडी बोथट वाटते, तो दोष नव्हे, या सर्किटाचा स्वभाव. पत्रकात हे एका ओळीत लिहा, निम्मे प्रश्न थांबतील. बेस आणि ग्राउंडच्या मध्ये १०० पिकोफॅरडची जागा ठेवा. मोठ्या ट्रान्समीटरजवळच्या घरांत पेडलमधून निवेदकाचा आवाज यायला लागतो, तो तिथे मरतो.

विजेच्या वाटेत १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा, म्हणजे १२ व्होल्टचा अडॅप्टर लागला तरी फुटणार नाही. उलट विजेसाठी १एन ५८१७ डायोड मालिकेत. तो तीन दशांश व्होल्टच्या आतच खातो. ट्रान्झिस्टरच्या जागी अर्धगोलाबरोबर प्रत्येक भोकाजवळ सी, बी, ई ही अक्षरं ठळक छापा, आणि शक्य असेल तर तीन पायांचं सॉकेट द्या. स्विचसाठी स्वतंत्र छोटा बोर्ड हवाच, लांबट भोकांचा, म्हणजे स्विच चुकीच्या दिशेने बसूच शकणार नाही आणि नऊ तारांचं जंगल जाईल. खर्च थोडा वाढतो. वाढू दे.

रेझिस्टर पाकिटात सुटे टाकू नका, पुठ्ठ्यावर चिकटवून शेजारी किंमत लिहा. जोडणीचा क्रमही बदला. आधी फक्त वीज, डायोड आणि दिवा. दिवा लागला की मोजून पुढे. मग चार रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर. तीन आकडे पत्रकातल्या रिकाम्या चौकटींत लिहायचे, शेजारी अपेक्षित आकडा छापलेला. चौकट भरल्याशिवाय कपॅसिटर आणि स्विचकडे जायचं नाही. फोन आला की तुम्ही पहिलं तेच विचारणार आहात: कलेक्टरवर किती?

उरलं ते दाबताना येणारं "टक". इनपुट आणि आउटपुटच्या कपॅसिटरवर साठलेला डीसी एकदम मोकळा होतो, त्याचा तो आवाज. बोर्डाच्या इनपुटपासून ग्राउंडला १ मेगओहम लावा, आउटपुटला पॉट आधीच ते काम करतो. वीज लावल्यावर पहिल्या एक-दोन दाबांना टक राहील, नंतर जाईल.